रिकाम्या पाइपातली दोरी

जून लागला की अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यात एक मागणी हमखास वर येते: तारा जमिनीखाली घाला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने खांबच्या खांब आडवे केले आणि कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. तेव्हापासून ही ओरड वाजवीच आहे. मुंबई शहरात बेस्टची वीज भूमिगत केबलमधून येते, मग कोकणाने काय घोडं मारलंय?

काही नाही. फक्त चर खोदून भागत नाही, एवढंच.

जुनी पद्धत सरळ आहे. खाली वाळू, मध्ये केबल, वर पुन्हा वाळू आणि त्यावर विटा. भारतीय मानकाप्रमाणे लघुदाबाची केबल किमान ७५ सेंटिमीटर खोल, ११ केव्हीची ९०. काम स्वस्त, पण केबल बदलायची वेळ आली की अख्खा रस्ता उकरा. म्हणून आता एचडीपीई प्लास्टिकचा पाइप पुरतात, बाहेरून वळ्यावळ्यांचा, आतून गुळगुळीत. वळ्या मातीचा भार पेलतात, गुळगुळीत पोटातून केबल सरकते.

पाइपात केबल कोरडी राहते, ही समजूत मात्र कोकणात तरी सोडून द्यावी. सांध्यांतून पाणी झिरपतं. नाही झिरपलं तरी आतली दमट हवा गार होऊन थेंब धरते. तेव्हा केबल पाण्यातच राहणार हे धरून ती निवडायची. शिवाय पाइपातल्या हवेतून उष्णता सहज बाहेर पडत नाही, त्यामुळे तीच केबल मातीतल्यापेक्षा कमी भार वाहते. एका पाइपात चार केबल कोंबणाऱ्या ठेकेदाराला हे कोणी सांगावं?

पाइपाचं मोल कळतं ते केबल ओढताना. एका टोकाला जॅकवर चढवलेला केबलचा ड्रम, दुसऱ्या टोकाला दोरीला लटकलेली पाच-सहा माणसं. केबलच्या तोंडावर तारेची जाळीदार पिशवी चढवलेली असते. ओढावं तशी ती अधिकच आवळत जाते. नळकामातला एल्बो इथे चालत नाही. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या साधारण बारा ते पंधरा पट लागते, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या केबलला ६० ते ७५ सेंटिमीटर. मिस्त्रीने घाईत काटकोन मारला असेल, तर तो ओढताना कळतो. तोवर वर डांबर पडलेलं असतं.

खरा पैसा खोदाईत आणि रस्ता पूर्ववत करण्यात जातो. त्यापुढे पाइप किरकोळ. म्हणून त्याच चरात दुसरा, रिकामा पाइप टाकावा आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवावी. अंदाजपत्रकात कात्री लावायची झाली की नेमका हाच पाइप आधी डोळ्यावर येतो. तो वाचला, तर उद्या भार वाढल्यावर त्या दोरीला नवी केबल बांधायची आणि दुसऱ्या टोकाने ओढून घ्यायची. रस्त्याला हात लावावा लागत नाही. फक्त दोन्ही तोंडांना बुचं हवीत. एका पावसाळ्याचा गाळ आत बसला, तर केबल दूरच, दोरीही हलत नाही.