खताची मात्रा आणि पिकावरील किडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

खत स्वतः कीड आणत नाही आणि घालवतही नाही. खतामुळे पानातला रस, पानाचा कोवळेपणा आणि पिकाचा कालावधी बदलतो. त्या बदलाचा फायदा काही किडी घेतात. सेलू तालुक्यातील वालूरसारख्या काळ्या जमिनीच्या, कापूस-सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यात हा संबंध कापसावर सर्वांत ठळक दिसतो.

गैरसमज 1: पीक जितके काळेभोर हिरवे, तितके निरोगी.
वस्तुस्थिती: नत्र गरजेपेक्षा जास्त झाले की पानातील रसात मोकळी अमिनो आम्ले वाढतात आणि पाने लुसलुशीत होतात. तुडतुडे, मावा, पांढरी माशी या रसशोषक किडींना हेच हवे असते; त्यांची वाढ जलद होते आणि पिलावळ वाढते. झाडे दाटल्याने फवारणी खालच्या पानांपर्यंत पोहोचत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची कोरडवाहू बीटी कापसासाठी शिफारस हेक्टरी 120:60:60 किलो नत्र, स्फुरद व पालाश अशी आहे, म्हणजे एकरी सुमारे 48 किलो नत्र. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत जवळपास 21 किलो नत्र असते आणि डीएपीच्या 50 किलोच्या गोणीतही 9 किलो. डीएपीतले नत्र हिशेबात न धरल्याने मात्रा नकळत वाढते.

गैरसमज 2: कापसाची पाने लाल झाली की युरिया कमी पडला.
वस्तुस्थिती: नत्र किंवा मॅग्नेशियमच्या कमतरतेने लाल्या येतो, पण तुडतुड्यांच्या उपद्रवानेही पाने लाल होतात. तुडतुडे असल्यास पानाच्या कडा आधी पिवळसर होऊन खाली मुडपतात आणि मग लाल पडतात. पान उलटून पाहिले की तिरके चालणारे हिरवट किडे दिसतात. अशा वेळी युरिया टाकणे म्हणजे तुडतुड्यांनाच खुराक. प्रति पान 2 ते 3 तुडतुडे ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते.

गैरसमज 3: निमकोटेड युरिया टाकला की कीटकनाशकाची गरज नाही.
वस्तुस्थिती: 2015 पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला निंबोळी तेलाचे आवरण बंधनकारक आहे. नत्र जमिनीत सावकाश उपलब्ध व्हावे आणि युरिया शेतीबाहेर वळवला जाऊ नये, हे त्यामागचे मुख्य हेतू आहेत. आवरणातील तेल अत्यल्प असते. पानावरील कीड त्याने आटोक्यात येत नाही. निंबोळी अर्काची फवारणी ही वेगळी गोष्ट आहे.

गैरसमज 4: शेणखत कितीही व कसेही घातले तरी चालते.
वस्तुस्थिती: उकिरड्यावरचे अर्धवट कुजलेले शेणखत हुमणीच्या अळ्या शेतात घेऊन येते, न कुजलेल्या काडीकचऱ्याकडे वाळवीही वळते. पूर्ण कुजलेल्या खतातून मात्र नत्र हळूहळू सुटते, त्यामुळे पिकाला एकदम कोवळी फूट येत नाही.

गैरसमज 5: पोटॅश हे किडीवरचे औषध आहे.
वस्तुस्थिती: पालाश कमी पडले की प्रथिने बनण्याचे काम मंदावते आणि साध्या शर्करा व अमिनो आम्ले पानात साठतात; ती रसशोषक किडींच्या पथ्यावर पडतात. म्हणून कमतरता असेल तेथेच पोटॅशचा उपयोग दिसतो. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा पुरेसे असते. नेमकी गरज माती परीक्षणातून कळते.

गैरसमज 6: उशिरा खत देऊन फरदड (हंगामानंतरही लांबवलेले कापसाचे पीक) घेतली तर फायदाच होतो.
वस्तुस्थिती: 2017 च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने महाराष्ट्रात बीटी कापसाचेही मोठे नुकसान केले. ही अळी बोंडात राहते, त्यामुळे खताने ती थेट वाढत नाही. पण उशिरा दिलेल्या नत्र व पाण्यामुळे पाते आणि हिरवी बोंडे येतच राहतात, आणि अळीला पुढच्या पिढ्यांसाठी अन्न मिळत राहते. नत्र हप्त्याहप्त्याने द्यावे आणि हंगाम संपताच पऱ्हाट्या शेतातून काढाव्यात.