आपली जुनी ओम्नी आणि तिचं इंजिन

भाजी बाजारात न्यायला, पापड-शेवया तालुक्याला पोचवायला गटाच्या बायका जुनी मारुती ओम्नी घेतात. कुणाच्या दारात मारुती ८०० असते. १९८३च्या डिसेंबरात ८०० आली, पुढच्या वर्षी व्हॅन आली आणि तीच पुढे ओम्नी झाली. इंजिन जपानच्या सुझुकीचं, ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. ८०० बनणं २०१४ मध्ये थांबलं, ओम्नी २०१९ मध्ये. त्यामुळे आता मिळते ती वापरलेलीच गाडी.

हे इंजिन काटक आहे, पण तापणं त्याला सोसत नाही. वरचं हेड अॅल्युमिनियमचं असतं. पाणी कमी पडलं, गाडी तशीच दामटली, की हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. गॅस्केट स्वस्त हो, पण हेड उतरवणं, फेसिंग करणं, परत बसवणं यात गटाची महिन्याची बचत जाते. म्हणून सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं पाणी बघायचं. गरम असताना झाकण उघडायचं नाही, वाफेने हात भाजतो. नुसतं विहिरीचं पाणी ओतत राहिलं तर आत गंज आणि क्षार धरतात, कूलंट घाला. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवा, काटा वर चढल्यावर पंखा आपोआप फिरतो का ते बघा. नाही फिरला, तर घाट चढू नका.

ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधाच्या चहासारखा फेस दिसला, तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय असं समजा आणि लगेच तपासून घ्या. धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय.

दुसरी गोष्ट टायमिंग बेल्ट. हा रबरी पट्टा कव्हरच्या आत असतो, दिसत नाही. तुटला की गाडी जागच्या जागी बंद. आधीच्या मालकाने कधी बदलला हे सांगता येत नसेल, तर गाडी घेतल्याबरोबर बदला. त्याच वेळी टेन्शनर आणि ऑइल सीलही बघून घ्या. गळकं ऑइल नव्या बेल्टचंही वाटोळं करतं.

आता पार्ट बदलण्याचं. ८०० आणि ओम्नीची इंजिनं एकाच घराण्यातली, म्हणून आतले पुष्कळ पार्ट सारखे. पण ८०० मध्ये इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतात. ओम्नीत ते पुढच्या सीटखाली उभं बसतं आणि मागची चाकं ढकलतात. त्यामुळे गिअरबॉक्स एकाचा दुसऱ्याला चालत नाही. कार्बोरेटरची गाडी आणि नंतरची एमपीएफआय, यांचेही पार्ट वेगळे. ८०० च्या काही गाड्यांत बारा व्हॉल्व्हचं इंजिनही आलं होतं, ते तर निराळंच. दुकानात नुसतं "ओम्नीचं द्या" म्हणू नका. जुना पार्ट पिशवीत घालून न्या, गाडीचं साल सांगा आणि शेजारी ठेवून जुळवा. बदललेला पार्ट गॅरेजवाल्याकडून परत मागायचा, लाजायचं नाही.

अख्खं वापरलेलं इंजिन घ्यायचं झालं, तर तिन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन आपल्यासमोर मोजायला लावा. एकाचं फार कमी आलं तर ते सोडा. विकणाऱ्याकडून पावती आणि कागद घ्या, कारण इंजिनचा नंबर आरसी बुकात असतो. नवा नंबर आरटीओत नोंदवला नाही, तर उद्या अपघाताच्या विम्याला किंवा गाडी विकताना गटाच्या अध्यक्षांना खेटे घालावे लागतील.