जब्या लपतो, आपला श्वास अडकतो

सुपा सोडून नगरकडे निघालं की रस्त्यापासून थोडं आत अकोळनेर लागतं. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ची गोष्ट याच गावात घडते. चित्रपट थरारपट नाही, पण त्याचा शेवटचा डुकराचा पाठलाग थरार कसा रचतात याचा उत्तम धडा आहे.

थरारपटांचे दिग्दर्शक हिचकॉक यांचं सूत्र प्रसिद्ध आहे: टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत हवं, पात्रांना नको. तो अचानक फुटला तर क्षणभर धक्का बसतो. आधी दाखवला तर मिनिटामिनिटाला ताण वाढतो. इथला बॉम्ब म्हणजे पाठलागाच्या शेजारची शाळा. चित्रपटाचा शाळकरी नायक जब्या याचं शाळेतल्या शालूवर मन आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. घरच्यांसोबत डुक्कर धरताना तिनं पाहू नये म्हणून तो भिंतीआड लपतो. त्यामुळे डुक्कर सापडेल का, यापेक्षा जब्या दिसेल का, या प्रश्नानं आपण अस्वस्थ होतो.

ऐन वेळी राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागीच थिजतात. वेगवान हालचाल एकाएकी थांबली की मेंदू पुढच्या क्षणाची आणखी आतुरतेनं वाट पाहतो. मग पाठलाग पाहून हसणारी गर्दी आणि जब्याचा चेहरा आलटूनपालटून दिसतात. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं होतं, की चेहऱ्याचा अर्थ शेजारच्या दृश्यावरून ठरतो.

शेवटी जब्या दगड थेट कॅमेऱ्यावर भिरकावतो. तोवर आपण गर्दीच्या जागी उभे राहून पाहत होतो. म्हणून तो दगड आपल्यालाच लागतो.

हा प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा. विक्रम अमलाडी यांचा कॅमेरा किती बोलतो, ते कळेल.