सही करण्याआधी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली नोकरी सुटताना कामगारापुढे ‘फुल अँड फायनल’चा हिशेब येतो आणि सोबत ‘माझे काही येणे बाकी नाही’ अशी छापील पावती किंवा तडजोडीचा करार.

खरी मेख नोकरी सुटण्याच्या कारणात असते. तिथे ‘स्वेच्छेने राजीनामा’ लिहिले असेल, तर कामगारकपातीची भरपाई हातची जाऊ शकते. ही भरपाई म्हणजे सलग नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. ग्रॅच्युइटी त्याहून वेगळी: तिच्यासाठी धरायचे वेतन २६,००० रुपये आणि नोकरी १० वर्षे असेल, तर १,५०,००० रुपये. करारात काहीही लिहून घेतले, तरी कायद्याने ठरलेली ही रक्कम कमी होत नाही.

मालकाशी परस्पर झालेला करार सही करणाऱ्या पक्षांपुरताच. सरकारी समेट अधिकाऱ्यापुढे झालेला मात्र कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू.

वकील परवडत नाही म्हणून घाईने सही करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अर्ज नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. जाताना नेमणूकपत्र, पगारपावत्या आणि त्या पावतीची किंवा कराराची प्रत जवळ असावी.