नवशिका मोटारसायकलस्वार

१८ वर्षांच्या तरुणास शिकाऊ परवाना मिळाला, म्हणजे तो स्वारांच्या मेळ्यांत आला. पण उमेदवार म्हणून. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें त्यानें पांढऱ्या पाटीवर तांबडें ‘एल्’ अक्षर लावावयाचें, आणि मागें बसवावयाचें तें केवळ परवानाधारक शिकविणाऱ्यासच. ही पाटी लाजेची खूण नव्हे. इतरांनीं सांभाळून घ्यावें, अशी ती विनंती आहे.

परंतु वेग दुप्पट केला, कीं ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारें अंतर सुमारें चौपट होतें. हा सृष्टिनियम नवखा आणि मुरलेला असा भेद जाणत नाहीं. म्हणून जुन्या स्वारांकडून प्रथम थांबणें शिकावें: गाडी सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक एकदम, दाब क्रमाक्रमानें वाढवीत. आणि शिरस्त्राणाचा पट्टा घट्ट बांधल्यावांचून गाडी सुरूच करूं नये.