इंद्रजाल कॉमिक्स : वेताळाचा निरोप

उज्जयिनीला वेताळ नवा नाही. विक्रमादित्याला गोष्टी सांगणारा वेताळ आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण आज साठीच्या आसपास असलेल्या सभासदांच्या लहानपणी आणखी एक वेताळ होता : मुखवटा घालून जंगलात राहणारा.

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. इंग्रजी, हिंदीबरोबर ते मराठीतही निघे. ली फॉक यांचा ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ झाला. पहिले ३२ अंक त्याचेच होते. पुढे जादूगार मँड्रेक आणि अंतराळयानातून परग्रहावर जाणारा फ्लॅश गॉर्डन आले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर हा देशी नायक आला.

मग काळ बदलला. १९८५ मध्ये ‘विक्रम और बेताल’ दूरदर्शनवर आले, पाठोपाठ ‘रामायण’ आणि ‘महाभारत’. १९८६ पासून राज कॉमिक्सचा नागराज हिंदीत गाजू लागला. सुमारे ८०० अंकांनंतर १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले. वेताळ आणि मँड्रेक डायमंड कॉमिक्सकडे गेले.

आपल्याकडे मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजीत शिकतात, मराठी घरात बोलतात. कोणी न सांगता हौसेने मराठी वाचायचे, ते अशा अंकांमुळे. ती जागा अजून भरलेली नाही. घरात जुने अंक असतील, तर रद्दीत देऊ नका. नातवंडांच्या हाती द्या.