यादींतील नांव
मतदारयादींतून नांव खोडणें ही केवळ कारकुनी दुरुस्ती नव्हे. त्या एका रेघेनें नागरिकाचा मताधिकार जातो. मुंबई व दिल्ली येथील कित्येक मतदारांस नागरिकत्व सिद्ध करण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हां तो वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. ‘लाल बाबू हुसेन’ खटल्यांत १९९५ सालीं न्यायालयानें ठरविलें कीं, यादींत पूर्वीं रीतसर चढलेल्या नांवास पुराव्याचें मोल आहे. संशयाचें कारण कळविल्यावांचून व मतदाराचें म्हणणें ऐकल्यावांचून तें काढतां येत नाहीं. तथापि यादी वाचण्याचें काम आपलेंच. घरांतील वडीलधाऱ्यांस आमची विनंती कीं, नवी यादी लागतांच सुनेचें नांव प्रथम शोधावें. माहेरीं सुटून सासरीं न चढल्यास तिचा हक्क मध्येंच लोंबकळतो.